पितळी मुठीची काठी

खाली मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला, तशी सुरुचीने दाराजवळच्या कोपऱ्यातली काठी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन लोखंडी कपाटाच्या मागे सरकवली. पितळी मूठ पत्र्याला लागून ठणकन वाजली. तो आवाज विरेपर्यंत ती कपाटाला हात लावून उभी राहिली.

बेल वाजली नाही, दारावर थाप पडली. बेल दिवाळीपासून बंद होती आणि हे येणारीला माहीत होतं. सुरुचीला ते नागपूरहून आल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं होतं.

दारात पिंकी उभी होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, चौकट भरून टाकणाऱ्या खांद्यांची. डावा कान मार खाऊन कायमचा जाड झालेला. एका हातात हेल्मेट, दुसऱ्यात कापडी पिशवी. कुस्तीच्या रिंगमध्ये ती काळ्या मखमली झग्यात यायची आणि लोक तिला 'राजकुमारी' म्हणत शिव्या घालायचे. इथे साध्या कुर्त्यात ती वाकून आपल्या चपला भिंतीशी नीट लावून ठेवत होती.

"ताई, बसू का थोडं?"

"ये."

बाबांना जाऊन पंधरा दिवस झाले होते. तेरावं उरकलं, नातेवाईक पांगले, नवरा, शैलेंद्र, मुलांची शाळा म्हणून नागपूरला परतला. भोपाळच्या कोलार रोडवरचा हा फ्लॅट आवरायला सुरुची एकटी मागे राहिली होती.

पिंकीने पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली.

"काकांचा चष्मा. चेंजिंग रूममध्ये राहिला होता. काच पुसलीय मी."

काका. सुरुची आल्यापासून या एका शब्दावर लक्ष ठेवून होती. दवाखान्याच्या फाटकाशी, स्मशानात लांबून, फोनवर, ही मुलगी कधी चुकून 'बाबा' म्हणते का याची ती वाट पाहत होती. म्हणाली असती तर रागवायला काहीतरी हाताशी आलं असतं. पिंकी एकदाही चुकली नव्हती.

बाबा, म्हणजे दिगंबर वझलवार, बरखेड्याच्या कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होते. वसाहतीच्या गणेशोत्सवातल्या नाटकात खलनायक कोण, हे तालमीआधीच ठरलेलं असे. एरवी माणूस असा की शेजाऱ्यांना त्यांचा आवाज ठाऊक नव्हता. बायको गेली, मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली, आणि चौपन्नाव्या वर्षी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेऊन नारायणजी नावाच्या गृहस्थाच्या कुस्ती कंपनीत मॅनेजरचं काम धरलं. ही मातीतली कुस्ती नव्हे. दोरांच्या रिंगमधली, निकाल आधी ठरलेली, गावोगावच्या मैदानांवर आणि मग मोबाइलवर बघितली जाणारी. तिथे ते दीवानजी होते. काळी शेरवानी, डोळ्यांत सुरमा, हातात पितळी मुठीची काठी. आपल्या पैलवानाच्या वतीने माइकवर माज करायचा, रेफरीची पाठ वळली की समोरच्याच्या पायात काठीची मूठ अडकवायची, आणि हजार माणसांचा संताप अंगावर घ्यायचा, एवढंच काम. बिट्टन मार्केटमध्ये एका भाजीवालीने त्यांना कोथिंबीर नाकारली होती. 'लड़की के पैर में लाठी डालते शरम नहीं आई?' असं म्हणाली. ते फोनवर सांगताना बाबा चक्क हसले होते. सुरुचीशी ते फोनवर तीन वाक्यं बोलत. त्या दिवशी सात-आठ बोलले.

पहिली काही वर्षं त्यांच्याकडे धिप्पाड पुरुष होते. मग मंडीदीपच्या एका कामगाराची ही मुलगी आली. मूळचे वरुडकडचे लोक, घरी मोडकंतोडकं मराठी. दीवानजींनी तिला रिंगमध्ये मुलगी म्हणून आणलं आणि सात वर्षं मुलगी म्हणूनच वागवलं.

ती चित्रफीत सुरुचीने नागपूरला किती वेळा पाहिली असेल, याचा हिशेब तिने शैलेंद्रलाही लागू दिला नव्हता. रिंगच्या मधोमध बाबा. एक हात पिंकीच्या डोक्यावर. आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जाणारा. 'भोपालवालो, ये मेरी बेटी है. इसके एक बाल के बदले मैं तुम्हारा पूरा शहर नीलाम कर दूँ.' लोक चपला फेकत होते आणि बाबा छाती काढून उभे होते.

सुरुचीला डॉक्टरेट मिळाली तेव्हा बाबा म्हणाले होते, "बरं झालं." आणि थोडं थांबून, "जेवलीस का?"

"चहा ठेवते," सुरुची म्हणाली.

"तुम्ही बसा ना ताई, मी ठेवते. लायटर चालत नाही तो. माचिस पोह्यांच्या डब्यामागे असते."

ती आत गेलीसुद्धा. भांड्यांचे आवाज यायला लागले, न शोधता हाती लागलेल्या भांड्यांचे. सुरुचीने टेबलावरचा चष्मा उचलला, घडी घातली, पुन्हा उघडला. घरात माचिस सापडत नाही म्हणून गेले पंधरा दिवस ती उदबत्ती पेटवून आणायला शेजाऱ्यांकडे जात होती.

चहा आला. सुरुचीच्या कपात साखर नव्हती.

"काकांनी सांगितलं होतं, ताई बिनसाखरेचा घेते," पिंकी म्हणाली.

सुरुचीने साखरेशिवाय चहा प्यायला सुरुवात करून दीडच वर्ष झालं होतं. हे बाबांना कधी सांगितलं, तिला आठवेना.

"काम काय होतं?" तिने विचारलं.

पिंकीने कप खाली ठेवला.

"उद्या संध्याकाळी काकांसाठी मॅच ठेवलीय. इथेच, पुढच्या मॅरेज गार्डनमध्ये. नारायणजी म्हणाले, रिंगच्या मध्ये काठी ठेवू. म्हणून काठी पाहिजे होती. परत आणून देईन, कसम से."

"काठी सापडत नाहीये."

पिंकीने दाराजवळच्या कोपऱ्याकडे पाहिलं. फरशीवर काळपट गोल डाग होता. काठीच्या टोकाला बाबांनी सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं होतं, त्याचा वर्षानुवर्षं उमटलेला. ती त्या डागाकडे जरा वेळ बघत राहिली.

"इथंच असायची," ती म्हणाली. आणि मग, "सामान हलवाहलवीत जातं असं."

"बघते मी. मिळाली तर कळवेन."

"हां. नाही मिळाली तरी चालेल. शेरवानी टांगू."

शेरवानीही कपाटात होती, कुलपात. सुरुचीने चहाचा घोट घेतला.

"आणि काय, दोन मिनिटं शांतता वगैरे?"

"शांतता?" पिंकी पहिल्यांदाच हसली. "शांत बसले तर काकांचा आत्मा भटकेल, ताई. दीवानजी आले आणि पब्लिक चूप, म्हणजे धंदा बुडाला. दोन मिनिटं पूर्ण हूटिंग. नारायणजींनी सांगितलंय, ज्याला जी शिवी येते ती द्या. तुम्ही पण या ना."

"मला शिव्या येत नाहीत."

"काका म्हणायचे. म्हणायचे, माझी पोरगी इतकी शिकलेली आहे की भांडायला लागली तर समोरच्याला डिक्शनरी लागेल."

हे वाक्य बाबांचं होतं, यात शंका नव्हती. ते तिच्याबद्दल होतं आणि ते हिच्याजवळ होतं. बाबांच्या तोंडची अशी किती वाक्यं हिच्याकडे असतील, या विचाराने जुनी ओळखीची आग पुन्हा उठली. दवाखान्यातही ती अशीच उठली होती.

पक्षाघाताने बाबांची डावी बाजू गेली होती, वाचा गेली होती. अतिदक्षता विभागात एका वेळी एकच माणूस सोडत. खाली पायऱ्यांवर एक धिप्पाड मुलगी चार दिवस बसून होती. गार्डने वर येऊन विचारलं होतं, "नीचे जो बैठी है, घर की है क्या?" सुरुची म्हणाली होती, "नाही. घरचं दुसरं कुणी नाही."

"तुला वर सोडलं नाही त्यांनी," ती आता म्हणाली. आपण हे का बोललो, तिला कळलं नाही.

"नियम असतात त्यांचे." पिंकी कपातल्या सायीकडे बघत होती. तिला माहीत होतं की नव्हतं, ते त्या आवाजावरून ठरवता येईना.

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. सुरुचीने चष्मा बाजूला सरकवला.

"एक विचारू? विदिशा गावातली मॅच आहे ना, तू दोरावरून खाली पडतेस ती. बाबा येतात, तुझ्याजवळ गुडघ्यावर बसतात, हात हातात घेतात. कितीतरी वेळ. काय बोलत होते?"

तिने ती जागा थांबवून, मोठी करून पाहिली होती. बाबांचा चेहरा काठीआड होता. तेवढाच एक तुकडा तिला कधी ऐकू आला नव्हता.

"बोलत नव्हते," पिंकी म्हणाली. "रिंगमध्ये बोलत नाही आम्ही, कॅमेरा असतो. हात दाबायचा."

"म्हणजे?"

पिंकीने हेल्मेट मांडीवर घेतलं आणि त्याच्या पट्ट्याशी चाळा करत सांगायला लागली, दुकानात एखादी वस्तू दाखवावी तसं.

"आमच्या लाइनमधली रीतच आहे ही, ताई. मार खोटा असला तरी पडणं खरंच असतं ना. मग कोणी जोरात पडलं की जवळच्याने हात पकडायचा आणि दोनदा दाबायचा. म्हणजे, ठीक आहेस? आपण एकदा दाबलं की ठीक. मॅच पुढे. नाही दाबलं तर ठीक नाही. मग मॅच गेली खड्ड्यात. विदिशात मला दोन मिनिटं काही कळतच नव्हतं. काका दाबत राहिले, दाबत राहिले. वरून पब्लिक बाटल्या मारतंय. उठलेच नाहीत. बाकीचे मॅनेजर पडलेल्याला विचारतात. काका सगळ्यांना विचारायचे. स्वतःला लागलं तरी समोरच्यालाच. एकदा त्यांची बरगडी गेली, स्ट्रेचरवर पडलेत आणि माझाच हात दाबतायत. मी म्हटलं, काका, लागलंय तुम्हाला. तर म्हणाले, पण घाबरलीयेस तू."

सुरुचीने कप उचलला. तो रिकामा होता. तिने तो तसाच ओठांना लावला आणि ठेवला.

सहाव्या दिवशी सकाळी बाबांच्या उजव्या हातात जोर आला होता. त्यांनी तिचा हात धरला आणि दोनदा दाबला. थांबले. तिच्याकडे बघत राहिले. पुन्हा दोनदा. नर्स म्हणाली, "कुछ बोलना चाहते हैं." सुरुची मोजत होती. सुरुची, तीन. पिंकी, दोन. आयुष्यभर शब्द जपून वापरलेला माणूस जाताना दोनच अक्षरं मागतोय, आणि तीही आपली नाहीत. त्यांनी पुन्हा दाबला तेव्हा तिने हात सोडवून घेतला, त्यांचा हात चादरीखाली ठेवला आणि चादर नीट खोचली. त्या दुपारनंतर त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"ताई," पिंकीने विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता. "दवाखान्यात काकांचा हात चालत होता का?"

सुरुचीने तिच्याकडे पाहिलं. जाड कान, पट्टा घट्ट धरलेली बोटं. चार दिवस पायऱ्यांवर बसलेली ही मुलगी आता जे विचारत होती, तेच विचारायला आली होती. काठी हे निमित्त होतं.

"नाही," सुरुची म्हणाली. "दोन्ही हात गेले होते."

पिंकीने हळूहळू मान हलवली. खांदे खाली आले.

"मग ठीक आहे. मला झोप नव्हती येत. वाटायचं, ते दाबत असतील आणि कोणाला माहीतच नसेल."

ती उठली. कप आत नेऊन विसळून पालथे घातले, ओट्यावरून फडकं फिरवलं. हेल्मेट डोक्यावर चढवलं, चपला पायात सरकवल्या.

"निघते. उद्या सहाला. या जमलं तर."

"थांब."

सुरुची आतल्या खोलीत गेली. कपाटामागे हात घालताना तिच्या कोपराला गंज लागला. काठी बाहेर आली. मुठीच्या आतल्या बाकालाही बाबांनी रबर चिकटवलेलं होतं, वरून पितळेच्या रंगाने रंगवलेलं. लांबून दिसू नये असं. ज्याच्या पायात अडकवायची, त्याला लागू नये म्हणून. इतके दिवस काठी घरात होती आणि तिने मूठ कधी उलटी करून पाहिली नव्हती.

"सापडली," ती दाराशी येऊन म्हणाली.

"अरे वा," पिंकी म्हणाली. कुठे, ते तिने विचारलं नाही.

तिने काठी घ्यायला हात पुढे केला. सुरुचीचे हात मात्र मुठीवरून निघेनात. दोघी दारात तशाच उभ्या राहिल्या, काठी मधे धरून. मग पिंकीने आपला रुंद, खरखरीत तळवा सुरुचीच्या हातावर ठेवला आणि दोनदा दाबला.

थांबली.

जिन्यात कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. एवढंच करायचं होतं, एकदा दाबायचं. सुरुचीला ते आता येत होतं. बोटं तिथेच होती, मुठीवर, गरम तळव्याखाली. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

पिंकीने पुन्हा दोनदा दाबला. वाट पाहिली.

मग तिने काठी हळूच सोडवून घेतली आणि कोपऱ्यात, फरशीवरच्या त्या काळ्या डागावर टेकवून ठेवली. हेल्मेट काढलं. चपला पुन्हा भिंतीशी लावल्या, आणि आत येऊन खुर्ची सुरुचीच्या खुर्चीशेजारी ओढून बसली.