पडद्याची झोप

...आणि त्या एवढ्याशा बोर्डवरचा हिरवा दिवा, मिरचीच्या बीएवढा, लुकलुकत होता, म्हणजे सगळं ठीक चाललेलं होतं, आणि नेमकं तेच प्रेमराजला सहन होत नव्हतं. पत्त्यांच्या कॅटएवढा बोर्ड, म्हणजे अख्खा संगणकच, त्याला प्रयोगशाळेतला जुना मॉनिटर. वीज दिली की आपोआप ब्राउझर उघडणार, पडदाभर कॉलेजची वेबसाइट, वर पत्त्याची पट्टी नाही की बंद करायची फुली नाही, येणाऱ्याजाणाऱ्याने फक्त बघायचं. प्रथम वर्षाच्या गुणवत्ता यादीतली नावं संथपणे वर सरकत होती. दोंडाईच्याच्या या कॉलेजात प्रेमराज एकवीस वर्षं संगणक प्रयोगशाळेचा सहायक होता, आणि हे सगळं उजैरने काल दुपारी, दोन तासिकांच्या मधल्या वेळात, उभं केलं होतं.

उजैर तासिका तत्त्वावरचा. दर वर्षी त्याच खुर्चीसाठी नव्याने मुलाखत देणारा. कायम नोकरीतल्या माणसाने अशा माणसावर जळावं हे शोभण्यासारखं नव्हतं. पण जळण्याला कुठे सेवाज्येष्ठता असते.

कारण कल्पना प्रेमराजची होती. दोन वर्षांपूर्वी त्याने रीतसर अर्ज दिला होता, पट्टीने आखलेल्या आकृतीसह. प्राचार्य "बघू" म्हणाले, आणि त्यांनी तो खरोखरच बघितला, मग त्यावर चहाचा कप ठेवला. उजैर तेच परवा चहा पिता पिता बोलला, तर प्राचार्य म्हणाले, वा.

अर्जाआधी त्याने घरी फ्रिजवर असाच बोर्ड जोडून पाहिला होता. सगळं जमलं, फक्त दर दहा मिनिटांनी पडदा काळा व्हायचा. कोणी हात लावला नाही की त्या बोर्डाला वाटायचं, आता आपल्याकडे कोणी बघत नाही... (ही भावना प्रेमराजला अगदीच अनोळखी नव्हती.) दिपमाला, त्याची बायको, भाजी काढायला आली की म्हणायची, "तुमचा टीव्ही झोपला बरं का." ती झोप उडवणारी एक सेटिंग होती, एकच, आणि ती सापडायला त्याला अकरा दिवस लागले होते, रजेचे दोन धरून.

उजैरने ती सेटिंग केलेली नव्हती. प्रेमराजने सकाळीच पाहून ठेवलं होतं.

"सर, काही राहिलंय का?" साडेदहाला उजैरने विचारलं. "तुम्ही एकदा नजर टाकली की मला धीर येतो."

"नाही. छान झालंय."

का सांगू मी? अकरा दिवस एका वाक्यात देऊन टाकू? अकराला उद्घाटनासाठी संस्थेचे अध्यक्ष यायचे होते, त्यांचं भाषण कधीच दहा मिनिटांत आटपलेलं नव्हतं, आणि ऐन रंगात आलेल्या भाषणामागे पडदा काळाठिक्कर पडणार होता... पडू दे. माऊस आणि कीबोर्ड मॉनिटरखालच्या लाकडी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली प्रेमराजच्या खिशात. तासिका तत्त्वावरच्या माणसाच्या नावावर कॉलेजचं सामान चढत नाही, हा नियम त्याला आज पहिल्यांदाच सुंदर वाटला.

अध्यक्ष आले. प्रेमराजने पेटी उघडून माऊस एकदा हलवला, म्हणजे दहा मिनिटं आता नव्याने सुरू, घड्याळात पाहिलं आणि भाषण ऐकू लागला, म्हणजे मिनिटं मोजू लागला. पाचवं. सहावं. आठव्या मिनिटाला मात्र, बोलावलं नसताना, एक चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आलं: पडदा काळा पडतो, सगळे "अरे" म्हणतात, आणि उजैर घाबरत नाही. मोबाइल काढतो, दोन बोटांनी काहीतरी शोधतो, "सर, किल्ली द्या जरा" म्हणतो, आणि पाच मिनिटांत... अकरा दिवसांचं काम पाच मिनिटांत, सगळ्यांसमोर, वर टाळ्या.

नवव्या मिनिटाला प्रेमराजचा हात पेटीत होता. माऊस चिमूटभर हलला.

तेव्हापासून तो तिथेच. दर नऊ मिनिटांनी हात आत, हात बाहेर. फोटोसाठी उजैरने हाक मारली तेव्हा नेमकी वेळ झाली होती. प्रेमराज म्हणाला, घ्या तुम्ही. अध्यक्ष गेले, यादी बघायला पोरी आणि त्यांचे बाप दाटीवाटीने उभे राहिले, कोणी बोट वर करून नाव वाचायचं, नाव वर निघून जायचं, पुन्हा येईपर्यंत सगळे थांबायचे. धनसिंग शिपाई, निवृत्तीला आलेला, कंबरेवर हात ठेवून बघत होता. पडद्याकडे नाही, पेटीकडे.

"भाऊ, पेटीमा काय शे? विंचू धरी राहिनात का?"

"काही नाही, आबा."

"बठ्ठा उजैर सरनं नाव काढी राहिनात."

"काढू द्या सगळ्यांना."

"मी काय म्हनी राहिनू? तुम्हनं तोंड पाहीसन सांगं, इतलंच."

एक वाजता गर्दी पांगली. उजैर आला. "सर, जेवून घ्या. मी थांबतो इथे."

"भूक नाही."

उजैर गेला नाही. सरकणाऱ्या नावांकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाला, "एक सांगू? घरी मी हेच करून पाहिलं होतं. दहा मिनिटं झाली की पडदा झोपायचा. चार दिवस शोधलं, सगळं पालथं घातलं, काही सापडलं नाही, शेवटी सोडून दिलं. परवा बोलून बसलो, मग काल प्राचार्यांना नाही म्हणता येईना. म्हणून तर सकाळी तुम्हाला विचारलं. तुम्ही छान झालंय म्हणालात, तेव्हाच समजलो, सरांनी ती झोप घालवलेली दिसतेय."

प्रेमराजचा हात पेटीत गेला, माऊस चिमूटभर हलला.

"दाखवा ना एकदा. कुठे असते ती सेटिंग?"

दोन वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. उत्तर त्याला तोंडपाठ होतं. पण दाखवायचं म्हणजे सेटिंग उघडायची, आणि उघडली की दिसणार... केलेली नाही. सकाळीही नव्हती, आताही नाही. त्याने आत त्या जुन्या जळजळीला चाचपून पाहिलं, तिच्या जोरावर काहीतरी फटकन बोलता आलं असतं. पण तिथे ती नव्हती. तिच्या जागी दुसरंच कोणीतरी येऊन बसलं होतं, आणि त्याची सोबत जास्त कठीण होती.

उजैर त्याच्याकडे बघत होता. नावं वर सरकत होती. हात पेटीत तसाच होता, आणि कितवं मिनिट चाललंय, हे प्रेमराजला सांगता आलं नसतं.