दादाचा ड्रायव्हर

माझ्या भावाने लिहिलेला ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिममधून काढून टाकायचं मी ठरवलं आणि ठरवताना मला जराही वाईट वाटलं नाही. ड्रायव्हर म्हणजे संगणकाचा एखादा भाग चालवणारा कोड; हा एका जुन्या डिस्क-कार्डासाठीचा. कार्ड बाजारातून केव्हाच गेलं, दादाने कोडकडे ढुंकूनही बघणं सोडलं, पण 'देखभाल' या शब्दापुढे नाव अजून त्याचंच. डिस्कचा सगळा विभाग माझ्याकडे, त्यामुळे आत काहीही बदललं की त्याचा पसारा निस्तरायचा मी. नाव त्याचं, हमाली माझी. लहानपणी घरीही हेच होतं.

ही सिस्टिम लिहिणाऱ्या आम्हा लोकांत रीत अशी, की कोड काढण्याआधी मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना जाणाऱ्या ईमेलवर, विचारायचं. कुणी 'मी वापरतो' म्हणालं, तर त्याने सिस्टिमच्या नव्या आवृत्तीवर चालवून दाखवायचं. मी विचारलं. कुणी हूं की चूं केलं नाही. मग दादाचं उत्तर आलं, सगळ्यांसमोर: "मी रोज वापरतो. माझं काम माझ्या बहिणीच्या डोळ्यांत पहिल्यापासून खुपतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेतली आणि तडक त्याच्या घरी गेले.

दार वहिनीने उघडलं. ते कार्ड बसवलेलं मशीन कुठे आहे, मी विचारलं. "ते मागच्या खोलीतलं मशीन? ते चालू असतं होय? मी तर त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते."

खरंच ठेवले होते. दादाने माझ्याकडे न बघता शर्टांची चळत उचलून खुर्चीवर टाकली.

"तुला कुणी बोलावलं?"

"तूच. लाव आणि दाखव चालवून."

मशीन सुरू झालं. ड्रायव्हरने कार्ड ओळखलं आणि लगेच सगळं जागच्या जागी गोठलं. दुसऱ्यांदाही तेच.

"तूच मोडला असशील," तो म्हणाला. "न बघता हात घालायची सवयच आहे तुला."

मी त्याच्याच खुर्चीत, त्याच्याच शर्टांना टेकून बसले आणि एकेक जुनी आवृत्ती लावत मागे जात राहिले. वहिनी दोनदा जेवायला बोलावून गेली. शेवटी एका फार जुन्या आवृत्तीवर डिस्क गुरगुरली आणि सुरळीत चालली. तिच्या पुढच्याच बदलाने ड्रायव्हर मोडला होता. तो बदल दादाचा, त्याने या कोडमध्ये केलेला शेवटचा. खाली त्याने लिहिलं होतं, 'चालवून पाहिलं'. आमच्या कामात ते शब्द म्हणजे शपथ. इतकी वर्षं ड्रायव्हर बंद होता आणि त्याच्यासकट जगात कुणालाही पत्ता नव्हता.

"चालवून पाहिलं होतंस?"

त्याने मशीन बंद केलं. "तेव्हा नोकरी गेली होती. डोकं ठिकाणावर नव्हतं." मग अगदी हळू म्हणाला, "काढू नकोस ना, छोटी. माझं नाव आता तेवढ्या एकाच ठिकाणी उरलंय."

मला कणव आली. रागही तसाच होता.

"मग लिस्टवर लिही, वापरत नाही म्हणून. माझ्याबद्दल जे बोललास ते मागे घे. मी काढण्याचं कारण म्हणून 'वापर नाही' एवढंच लिहीन. बाकीचं या खोलीतच राहील."

"तुझ्यापुढे नाक घासू?"

"नको घासूस," मी म्हटलं आणि निघाले.

दोन दिवस वाट पाहिली. त्याने एक अक्षर लिहिलं नाही. मग मी कारण लिहिलं, सगळंच्या सगळं: कुठल्या बदलाने मोडला, बदल कुणाचा, खाली काय लिहिलं होतं. देखभाल करणाऱ्याची संमती लागते, म्हणून ड्रायव्हर काढण्याचा बदल लिस्टबरोबर त्यालाही पाठवला आणि पाणी प्यायला उठले. परत येते तो दादाचं उत्तर आलेलं. तेवढ्या वेळात त्याचं ते मशीन सुरूसुद्धा झालं नसतं.

"काढायला हरकत नाही," त्याने नावानिशी लिहिलं होतं. खाली, एका वेगळ्या ओळीत, पुन्हा त्याचं नाव आणि 'चालवून पाहिलं'.

संमतीपुढचं नाव मी राहू दिलं. खालची ओळ पुसली आणि मग ड्रायव्हर काढला.