मुका खेळ

स्पीकरवरचा तो करंगळीच्या नखाएवढा हिरवा दिवा... इतकी वर्षं त्याच्यावर नुसती धूळ बसत आली होती, आणि आज तो लागला होता, कारण खेळाला आवाज होता.

गोळ्या फोडायचा हा खेळ जन्मजात मुका आहे, अशीच तिची समजूत. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने फार पूर्वी एका पेनड्राइव्हवर ढीगभर जुने खेळ कोंबून दिले होते. ते मावावेत म्हणून त्याने त्यांतलं संगीतच कापून टाकलं होतं, हे परवा लेकीने सांगितलं. वर हेही, की तो चोरीचा माल, त्यातून व्हायरस येतात. वाचनालयात उशिरा परत आलेल्या पुस्तकांना दंड लावण्यात जिची हयात गेली, ती बाई निवृत्तीनंतर चोरीच्या गोळ्या फोडत बसली होती — घ्या! मग लेकीनेच कंपनीच्या साइटवरून तोच खेळ रीतसर विकत घेऊन दिला, न कापलेला.

न कापलेला म्हणजे वाजणारा. खरं तर मुका होता तेच सोयीचं होतं. डोळे गोळ्यांवर आणि कान आतल्या खोलीकडे, अशी तिची वाटणी ठरलेली, अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याने नुसता सुस्कारा टाकला तरी तिला कळायचं... आणि आज बासरीसारखं काहीतरी सुरू झालं, मागोमाग ठेका, आणि ती खेळत गेली, खेळतच गेली — टप्पा संपून संगीत थांबलं तेव्हा आतून हाक आली.

पेला कलंडला होता, चादर ओलीचिंब. तिने चादर बदलली, पाठीशी उशी लावली, कधीपासून हाक मारताय म्हणून विचारलं.

“दोन-तीनदा मारली. मग म्हटलं, राहू दे. वाजत होतं ते बरं होतं.”

तो खेकसला असता तर तीही खेकसली असती, फिट्टंफाट झाली असती. पण हा माणूस ओल्या चादरीत गाणं ऐकत पडला होता.

आवाज बंद करायची खूण लेकीने दाखवून ठेवली होती. ती परत येऊन बसली, माउसचा बाण त्या खुणेवर नेला. वाईट वाटायला हवं होतं, तेवढं वाटत नव्हतं. कितीतरी वर्षांनी ती मघाशी या घरात नव्हती, आणि ते तिला आवडलं होतं, अगदी मनापासून. गाण्यात ऐकू आलं नाही, असं लेकीला सांगता येईल, लेक मानेलही. पण बासरी मध्येच जरा थांबली होती तेव्हा काहीतरी आलं होतं... आपलं नावच. आणि हाताने आणखी एक गोळी उडवली होती. मी ऐकलं होतं.

बाण खुणेवरच होता, आणि बोट काही खाली जात नव्हतं.