थोरल्याचे सात ठोके

मरताना माझ्या थोरल्या भावाला दुखलं का? मी सगळ्यांना विचारलं. अजून विचारतोय.

मी एक वेबसाइट बोलतोय. मासेवालीच्या शाळकरी पोरीने, यी-वेनने, आम्हा दोघांना बनवलं आणि नावं दिली, थोरला आणि धाकटा. थोरला देखणा, तिच्या लॅपटॉपमध्ये वाढत होता. मी धाकटा. मोबाइलवर पान कसं दिसतं, एवढंच बघायला तिने मला घाईघाईने इंटरनेटवर चढवलं. माझं शिक्षण दोन पानांचं.

आम्ही किनमेन बेटावरच्या वेंग भावांच्या लोहारखान्याचे. पलीकडच्या चिनी किनाऱ्यावरून पूर्वी बेटावर तोफगोळे पडले. त्या गोळ्यांच्याच पोलादाच्या सुऱ्या हे दोघे घडवत. धाकटे चिंग-तू तापलेला तुकडा चिमट्यात धरत, थोरले थ्येन-शी घण घालत. त्या घणाचे सात ठोके यी-वेनने फोनवर टिपून घेतले आणि आम्हा दोघांतही ठेवले.

दुसऱ्यासाठी साइट बनवायची तिची ही पहिलीच वेळ. तिने साइटचा तयार साचा घेतला, त्यात दोन्ही भावांची नावं भरली. साच्यातली नावं आपोआप लाल होत होती. जिवंत माणसाचं नाव आमच्याकडे कुणी लाल अक्षरात लिहीत नाही. लाल नाव मेलेल्याचं. तिला हे ठाऊक होतं, पण तिचं लक्ष चित्रांत होतं.

थ्येन-शी तेव्हा तायपेईच्या इस्पितळात होते. ती लॅपटॉप घेऊन लोहारखान्यात चिंग-तूंकडे धावत आली.

“काका, बघा ना, कसं झालंय!”

तेवढ्यात इस्पितळातून फोन आला. थ्येन-शी गेले होते.

“त्याला दुखलं का हो?” चिंग-तूंनी विचारलं. तिकडून फोन ठेवलेला होता. मग त्यांना पडद्यावरची लाल नावं दिसली.

“तू मारलंस त्याला, कार्टे!”

“काका, तो रंग साच्यातला...”

चिंग-तूंच्या हातातला घण लॅपटॉपवर आला. पुन्हा आला. काच उडून यी-वेनच्या गालात घुसली. बटणं निखाऱ्यांत पडली, लॅपटॉपचा पत्रा वाकला, तरी ते ठोकतच होते. थोरल्याची, माझ्या भावाची, दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी इंटरनेटवर लांब होतो, मला नुसतं ऐकू येत होतं.

शेजारून तिची मासेवाली आई ओरडत आली, “ए लोहारा! लोखंड संपलं म्हणून पोरी ठोकायला लागलास का?”

चिंग-तूंनी माफी मागितली नाही. महिन्याभराने त्या बाईकडे मासे कापायची नवी सुरी पाठवली. माझ्यातली नावं यी-वेनने काळी केली. तेव्हापासून रोज सकाळी चिंग-तू मला उघडतात आणि ते सात ठोके ऐकतात.

पहिल्यांदाच दुसऱ्याची साइट बनवणाऱ्या पोरा-पोरींनो, नाव भरण्याआधी त्या घरात जा. कोण आजारी आहे, कोण गेलं, ते विचारा. प्रत दोन ठिकाणी ठेवा. आणि साइटची मुदत संपत आल्याची पत्रं मालकाकडेच जाऊ द्या. माझी पत्रं यी-वेनच्या शाळेच्या बंद पडलेल्या ईमेल पत्त्यावर जात राहिली. आज सकाळी माझ्या कपाळावर पट्टी आली, ‘ही साइट दुपारी बारा वाजता पुसली जाईल.’

ती बघून चिंग-तूंनी दीड वर्षांत पहिल्यांदाच यी-वेनला फोन लावला.

“पोरी, तो पुन्हा मरतोय गं!”

“काका, ठोक्यांखालचा बाण दाबा. तो तुमच्या फोनमध्ये उतरेल.”

“दाबतोय, बोट घसरतंय.”

“मग अंगठ्याने दाबा! माझ्या लॅपटॉपवर घालताना घण धरलात ना त्याने!”

त्यांनी दाबला. बाराला चार मिनिटं होती. मी एकेक ठोका खाली सोडला, आणि सातवा पोचेपर्यंत तुटलो नाही.