दोनचं पाणी

"अजून घाल, अक्का. आकडा तीनच्या वर पाहिजे," सुपरवायझर अरुण म्हणाला.

सुष्माने टाकीतून मीटर काढलं. पाण्यात खत किती दाट आहे, ते हे मीटर सांगायचं. कर्नाटकातल्या बेळगोळच्या या हरितगृहात ढोबळी मिरचीला रोज हे पाणी कालवून देण्याचं काम ती नऊ वर्षं करत होती.

"अरे, अडीचलाच झाडं पाणी ओढेनाशी होतात. खारट ताक तू किती पिशील?"

"जास्त खत, जास्त माल, असं मालक म्हणतात. आपण कोण बोलणारे? सुम्मने, गपगुमान घाल की."

तिने घातलं. प्लास्टिकच्या छपराखाली वाफ कोंडायची, तिला दम लागायचा. सोडून जावं, तर नवऱ्याचं, सत्यनारायणचं, डायलिसिस कंपनीच्या विम्यावर चाललेलं. पन्नाशी उलटलेल्या बाईला दुसरीकडे असा विमा कोण देणार? आशा एकच होती. पॅकिंगच्या गार खोलीत एक जागा रिकामी होणार होती, आणि ती अरुणने तिला कबूल केली होती.

महिन्याभरात फळं आखूड राहू लागली. बुडाशी तपकिरी डाग पडून आत बसू लागले. तोडणीच्या बायका निम्मा माल बाजूला टाकायच्या. कडेच्या दोन ओळींना वेगळी टाकी होती. एका सकाळी कुणाला न विचारता तिने त्या टाकीत साधं पाणी सोडलं आणि आकडा दोनवर आणला, आणि पुढे रोज तेवढाच ठेवला.

सहा आठवड्यांनी मालक सयाजीराव स्वतः आले आणि त्या ओळींपाशी थबकले. तिथल्या मिरच्या मुठीत मावत नव्हत्या.

"इथं काय केलंय?"

अरुण दोन पावलं मागे सरला.

"मी केलं, सार," सुष्मा म्हणाली. "खत कमी केलं. विचारलं नाही. तप्पु माझंच, चूक माझी."

सयाजीरावांनी दोन्हीकडचा चांगला माल काट्यावर ठेवायला लावला. जास्त खताच्या झाडांचा सव्वीस किलो, सुष्माच्या ओळींतल्या तेवढ्याच झाडांचा एक्केचाळीस. ते मोठ्याने हसले. "बघा या बाईला! उद्यापासून चारही शेडच्या टाक्या हिच्याकडे."

बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"सार, मला पॅकिंगला घालणार होते..."

"तू गेलीस तर पाणी कोण बघणार? ते बेड, नकोच ते. विसर आता."

तिने अरुणकडे पाहिलं. तो फोन कानाला लावून बाहेर पडत होता. दुसऱ्या दिवशी गुरुवार, सत्यनारायणच्या डायलिसिसचा वार.

"हो, सार," ती म्हणाली.

पॅकिंगची जागा तोडणीतल्या चैत्रालीला मिळाली. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती स्वेटर घालूनच बाहेर आली आणि सुष्माशेजारी अवघडून बसली.

"अक्का, ती जागा तुमची होती. मला ठाऊक नव्हतं हो."

"असू दे ग. कसं आहे आत?"

"थंडी फार. बोटं बधिर होतात."

सुष्माने हात पुढे करून तिच्या स्वेटरची गळ्याशी सुटलेली गुंडी लावली.

"वरची लावत जा," ती म्हणाली, आणि डबा झाकून तीन नंबरच्या शेडकडे निघाली.