सातव्या हिरवळीचा उतार

सातव्या हिरवळीला शिव्या घातल्याशिवाय गोल्फ क्लबात कुणाचाच खेळ पुरा होत नसे. बाकीच्या सतरा हिरवळी खेळाडूकडे कललेल्या, आलेला चेंडू अलगद झेलणाऱ्या. ही एकटी पाठ फिरवून बसलेली. चेंडू टप्पा घ्यायचा आणि घरंगळत मागच्या वाळूच्या खड्ड्यात जायचा. कारणही सगळ्यांना तोंडपाठ होतं. तेहतीस वर्षांपूर्वी मैदान घडवताना तेव्हाच्या हेडमाळ्याने या हिरवळीचा नकाशा उलटा धरला होता.

त्या हेडमाळ्याची मुलगी आता हेडमाळी होती. सगळे तिला ताई म्हणत. हाताखालच्या नऊ माणसांना ती धाकात ठेवायची, पण क्लबाच्या अध्यक्षांपुढे मात्र तिची दातखीळ बसायची. तिचे बाबा निवृत्त झाल्यापासून फाटकाच्या आत एकदाही आले नव्हते. "माझी चूक लोक रोज तुडवतात, ती बघायला कशाला येऊ?" असं म्हणून ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरत.

आज त्या चुकीचा निकाल लागणार होता. मैदानं आखणारे एक नावाजलेले पाहुणे कमिटीबरोबर खेळायला यायचे होते. त्यांनी मान डोलावली की सोमवारी यंत्र येऊन सातवी हिरवळ खरवडणार होतं. बाबांच्या उभ्या आयुष्याच्या कामातली हीच एक गोष्ट लोकांच्या लक्षात होती, आणि तीही आता चूक म्हणूनच संपणार होती.

हिरवळीवरचं, चेंडू घालायचं भोक रोज सकाळी नव्या जागी पाडायचं असतं. त्यासाठी ती वाकली, तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला.

"अगदी पुढच्या कडेला पाड गं. पाहुण्यांनाही कळू दे, आम्ही काय भोगतोय ते."

म्हणजे उताराच्या माथ्यावर, चेंडू तिथे थांबणं जवळजवळ अशक्यच. मधोमध पाडावं आणि सांगावं, ऐकू नीट आलं नाही, असं तिला फार वाटलं. पण बाबांनी शिकवलं होतं, भोक सांगतील तिथे पाडायचं, फक्त कडा स्वच्छ कापायची. तिने कडेलाच पाडलं. झेंडा रोवला आणि नळी दुरुस्त करायचं निमित्त काढून तिथेच घुटमळत राहिली.

मंडळी आली. सातव्या हिरवळीपर्यंतचं अंतर थोडं, एका फटक्यात ती गाठायची. पाहुण्यांचा चेंडू सुरेख उडाला, झेंड्याच्या हातभर पुढे पडला आणि मागच्या वाळूत गडप झाला. अध्यक्षांचा चेंडूही त्याच वाटेने गेला, तरी त्यांचा चेहरा असा खुलला, जणू बक्षीसच मिळालं.

मग दातांचे डॉक्टर पुढे आले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, फटका जेमतेम. त्यांनी डावीकडच्या मातीच्या उंचवट्याकडे तोंड केलं.

"अहो डॉक्टर, झेंडा उजवीकडे आहे!" अध्यक्ष ओरडले.

"दिसतोय मला. दातच गेलेत, डोळे नाहीत."

चेंडू उंचवट्यावर चढला, दमला, वळला आणि आपल्या मर्जीने उतरत उतरत झेंड्यापासून वीतभर अंतरावर थांबला.

 पाहुण्यांनी खिशातून दुसरा चेंडू काढून उंचवट्याकडे मारला. जोर जास्त झाला. तिसरा मारला. मागे खोळंबलेले चौघे कुरकुरायला लागले. चौथा चेंडू झेंड्यापाशी थांबला, तेव्हा हा मोठा माणूस पोरासारखा टाळ्या पिटायला लागला.

"कुणी आखलंय हे?"

"आखलंय कसलं!" अध्यक्ष हसले. "हिच्या वडिलांनी नकाशा उलटा धरला होता."

सगळे ताईकडे बघायला लागले. तिचे कान तापले.

"उतार चुकून झालाय," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण तो थांबला नाही. "उंचवटा चुकून नाही. चूक कळली तेव्हा गवताची पेरणी होऊन गेली होती. मग बाबांनी काम सुटल्यावर रोज घमेल्याने माती टाकून तो रचला. चार महिने. रोज चेंडू सोडून बघायचे आणि पुन्हा फावडं मारायचे. म्हणायचे, माणसाला एक तरी वाट ठेवायला हवी."

"मला ती सापडायला बारा वर्षं लागली," डॉक्टर म्हणाले. "आणि कुणाला सांगायला मी काय वेडा आहे?"

पाहुण्यांनी सातवीच्या दुरुस्तीचा कागद घडी घालून खिशात टाकला. "अध्यक्ष, याला हात लावू नका. बाकीच्या सतरांचं बघू. ताई, वडील उद्या येतील का? अकरावी हिरवळही नव्याने आखायचीय, तिचं मला काही सुचत नाहीये."

घरी तिने निरोप सांगितला, तेव्हा वर्तमानपत्र हळूच खाली आलं. बाबांचे डोळे ओले होते. "बूट कुठे ठेवलेत माझे?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ते फाटकातून आत आले. आधी सातव्या हिरवळीवर गेले, उंचवट्यावर हात फिरवला, मग अकरावीकडे वळले. पाहुण्यांनी नवा नकाशा त्यांच्या हातात दिला. सगळे श्वास रोखून उभे. बाबांनी तो नीट न्याहाळला आणि पाहुण्यांना म्हणाले, "साहेब, आधी वरची बाजू कुठली ते सांगा. एकदा फसलोय मी."

तेहतीस वर्षांत त्या गोष्टीवर ते पहिल्यांदाच हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने.