लागलेली गाडी

बॉनेटवर हात ठेवला, तो कोमट. तेव्हाच मी मनात म्हटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतात ते काय आपल्यावरच्या प्रेमापोटी? गार इंजिन सुरू होताना खोकतं, धूर सोडतं, मालकाची सगळी अंडीपिल्ली बाहेर काढतं.

"धुवायला बाहेर काढली होती," मालक म्हणाले. साठीचे, कडक इस्त्रीतले, नको तितके गोड बोलणारे.

"असू दे. गार होईपर्यंत थांबू आम्ही."

धाकट्याने कपाळाला हात लावला. धाकटा म्हणजे माझा भाऊ. मी विमा कंपनीची सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या बघून कोण थापा मारतंय ते ओळखण्यात माझी हयात गेली. धाकटा मोटरसायकलवरून पडला तेव्हापासून त्याच्या मांडीत सळई आहे, आणि साहेबांना आता ही हवी होती. लाल, बुटकी, दोन दारांची, वाऱ्याशी पैज लावणारी. कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एवढंच कबूल केलं, की ताई नापास करेल ती गाडी घ्यायची नाही. मी तपासायला आलेच नव्हते, नापास करायला आले होते. हा पुन्हा पडला तर मला ते सोसणार नव्हतं.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र सगळ्या पत्र्यावरून फिरवलं. कुठेही पोचा बुजवायला लांबी भरलेली नाही. डिकीतला गालिचा उचलून सांधे नखाने चाचपले. बोल्टवर पान्याचा ओरखडासुद्धा नाही. माझा संशय आणखीच वाढला. इतकं सज्जन कोणी नसतं.

"गाडी कधी लागली होती का?" मी मालकांना विचारलं.

"छे, कधीच नाही."

"असं काय म्हणता?" पाणी घेऊन आलेल्या त्यांच्या बायको म्हणाल्या. "चांगली दोनदा लागली. घाटात तर किती हाल झाले."

"अगं, तू आत जा बघू," मालक घाईघाईने म्हणाले.

सापडला बेटा. मी बाईंना आत जाऊच दिलं नाही. "कुठे लागली? पुढे की मागे?"

"पुढेच बसले होते हो. पिशवी उघडेपर्यंत सगळं यांच्या शर्टावर."

"ती उलट्यांचं सांगतेय," मालक ओशाळून म्हणाले. "पाहुण्यांसमोर कशाला, म्हणून आत जा म्हटलं."

"तेव्हापासून मी बसतच नाही या गाडीत," बाई म्हणाल्या. "म्हणून तर विकायला काढली."

धाकटा भिंतीला धरून हसत होता. मला हसू आलं नाही. माझ्या हातातला शेवटचा धागाही सुटला होता.

इंजिन गार झालं. किल्ली फिरवताच एका हाकेत सुरू झालं, ना खोकला, ना धूर. मग मी विजेरी घेऊन गाडीखाली शिरले. खालून बघितलं तर सगळं लख्ख. पलीकडे धाकट्याचे बूट दिसत होते. एका बुटाची टाच पार झिजलेली, दुसरी जवळजवळ नवी. घरात तो लंगडणं लपवतो, पण बुटाला काय लपवता येतंय? मी विजेरी विझवली.

बाहेर आले, हात पुसले आणि म्हटलं, "मागून चेसी कापून जोडलीय. जबर ठोकलेली गाडी आहे."

मालकांचा चेहरा पडला. "कसं शक्य आहे? नवी घेतली तेव्हापासून माझ्याकडेच आहे ती."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "ठोकली होतीत? आणि मला सांगितलं नाहीत?"

ते शपथा घेऊ लागले. बाईंचा विश्वास बसेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण शब्द मागे घेतला नाही. धाकट्याने मान हलवली आणि गाडीकडे पाठ फिरवली.

रस्त्याला लागल्यावर त्याने माझा खांदा दाबला. "तू नसतीस तर मी फसलो असतो गं ताई."

मी मान खाली घालून चालत राहिले.

"रविवारी अजून एक बघायचीय," तो म्हणाला. "हिच्याहून जोरात पळते म्हणे. आता मला कसली भीती नाही. तू हो म्हटलंस की डोळे झाकून घेतो."